हिंजवडीतलं सर्टिफिकेट आणि लोणारची पीएचडी

गेल्या रविवारी हिंजवडीत फेज तीनकडच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम होता. माझ्या बहिणीची मुलगी तिथं राहते. "खाला, तुम्ही टीचर आहात, तुम्ही यायलाच हवं," म्हणून तिनं आग्रहानं बोलावलं. आठवी ते दहावीची वीस-पंचवीस मुलं, त्यांचे आईबाप, समोसे, चहा आणि पडद्यावर स्लाइड्स. व्याख्याता तरुण होता, बोलायला तरबेज. डेटा सायन्स झालं, एआय झालं, आणि मग लाल मंगळाचा फोटो आला. त्यावर लिहिलेलं: अ‍ॅस्ट्रोबायोलॉजी, उद्याचं करिअर. तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स, चोवीस हजार रुपये, हप्त्यानं भरायची सोय. खाली बारीक अक्षरात नासामध्ये 'पोस्टडॉक्टरल संधी' असं काहीतरी.

मी हात वर केला. विचारलं, पोस्टडॉक्टरल म्हणजे काय?

"मॅडम, पीएचडीच्या वरची डिग्री," तो म्हणाला.

माझ्या मागच्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, मंगळावरचे किडे शोधून कुणाचं पोट भरलंय? पोरांना पायथन शिकवा." सगळा हॉल हसला. व्याख्याताही हसला. पुढची स्लाइड पायथनचीच होती.

त्या दोघांचा मला सारखाच राग आला. एक जण जे विकतो ते त्यालाच ठाऊक नाही, आणि दुसरा जे नाकारतो ते त्याला ठाऊक नाही. हॉलमधल्या आईबापांसमोर मात्र हे दोनच पर्याय ठेवलेले होते, एक तर चोवीस हजार भरा, नाहीतर हसून सोडून द्या.

मी विज्ञानाची शिक्षिका नाही, हे आधीच सांगून टाकते. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, गरज पडली की उर्दूही. बीएड होऊन आता वीस वर्षांच्या वर झाली. आमच्या शाळेत जीवशास्त्राला हयातियात म्हणतात आणि खगोलशास्त्राला फलकियात. एकदा एका मुलानं मला विचारलेलं, "टीचर, दोन्ही जोडले तर?" मी म्हणाले, तसाही एक विषय आहे, मराठीत त्याला खगोलजीवशास्त्र म्हणतात. तेव्हा मला एवढंच माहीत होतं. पुढचं मला माझ्या एका विद्यार्थिनीनं शिकवलं, आणि हा लेख तिच्यामुळेच लिहिते आहे. तिचं नाव देणार नाही. तिला अजून या शहरात नोकरी शोधायची आहे.

ती २००७ साली आमच्या शाळेतून दहावी झाली. वडील रिक्षा चालवायचे. अकरावीला विज्ञान घेतलं तेव्हा पहिले सहा महिने ती रडत होती, कारण उर्दूतून शिकलेली सगळी परिभाषा इंग्रजीत नव्यानं पाठ करावी लागली. पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी आणि मग पीएचडी. विषय होता लोणारच्या सरोवरातले जिवाणू.

लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे. आकाशातून पडलेल्या पाषाणानं तयार झालेलं जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर, आणि तेही बेसाल्ट खडकात. बेसाल्टमध्ये झालेली आणि इतकी नीट टिकलेली अशी विवरं पृथ्वीवर फार दुर्मीळ आहेत. मंगळाच्या पृष्ठभागावरही मोठ्या प्रमाणात बेसाल्टच आहे. म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे जगभरचे शास्त्रज्ञ लोणारला येतात. पाणी खारट आणि त्याहून जास्त अल्कधर्मी, साबणाच्या पाण्यासारखं. त्यात सूक्ष्मजीव मजेत जगतात. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत लोणारची नोंद आहे, तिथं काच आणि साबणासाठी लागणारा माल मिळतो अशी. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती खूश झाली. म्हणाली, टीचर, चारशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्यालाही क्षार दिसले, फक्त जिवाणू दिसले नाहीत.

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी एकाएकी गुलाबी झालं ते आठवत असेल. टाळेबंदीत सगळ्यांच्या मोबाइलवर ते फोटो फिरत होते. कुणी चमत्कार म्हणालं, कुणी कयामतची निशाणी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले आणि सांगितलं की हा रंग मीठ आवडणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा आहे. पाण्याची पातळी घटली, खारटपणा वाढला, त्यांची संख्या वाढली. पाऊस पडल्यावर रंग उतरला. आघारकर संस्था कुठे आहे? लॉ कॉलेजच्या बाजूला, गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर. हिंजवडीतून कॅबनं जाता येतं.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. परग्रहावर जीवसृष्टी असेल का, हा प्रश्न ज्या विषयाचा आहे, त्या विषयाची निम्मी प्रयोगशाळा पुणे शहरातच आहे, आणि पुण्याला ते ठाऊक नाही.

२००१ मध्ये हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडला होता. जयंत नारळीकर त्या प्रयोगाच्या मागे होते. प्रश्न असा की वातावरणाच्या वरच्या थरात जिवंत पेशी सापडतात का, आणि सापडल्या तर त्या खालून गेल्या की वरून आल्या? एप्रिल २००५ मध्ये दुसरा फुगा गेला. वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांमध्ये भरून आणली. नमुन्यांची तपासणी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाली, हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेत, म्हणजे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसमध्ये. मार्च २००९ मध्ये इस्रोनं जाहीर केलं की जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या आहेत आणि त्या अतिनील किरणांना जास्त दाद देत नाहीत. एकीला फ्रेड हॉयल यांचं नाव दिलं, जॅनिबॅक्टर हॉयली. दुसरीला इस्रोचं, बॅसिलस इस्रोनेन्सिस. तिसरीला आर्यभटाचं.

त्याच घोषणेत हेही सांगितलं होतं की हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं यावरून ठामपणे सिद्ध होत नाही. मला ते वाक्य नव्या जातींपेक्षा मोठं वाटतं. आयुष्यभर ज्यांनी बाहेरून येणाऱ्या जिवांची शक्यता मांडली, त्या माणसांनीच आपल्या हाताशी आलेल्या पुराव्यापुढे थांबायचं ठरवलं. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्या दिवशी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर त्यांच्या विज्ञानकथांची आठवण निघाली, त्यांनी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाला होकार दिला होता ती आठवण निघाली. फुग्याची आठवण कुणालाच नव्हती. मला होती, कारण माझी विद्यार्थिनी होती.

आता पोस्टडॉकबद्दल. ती डिग्री नव्हे, नोकरी असते, आणि तीही कच्ची. पीएचडी झाल्यावर दोन-तीन वर्षांसाठी एखाद्या प्रयोगशाळेत संशोधक म्हणून घेतात, पगार देतात, मुदत संपली की घरी. या मुदतीत माणसानं स्वतःचा प्रश्न शोधायचा, स्वतःच्या नावानं काम करून दाखवायचं. पीएचडीत गाइडचं बोट धरलेलं असतं, इथं ते सोडायचं असतं. आमच्याकडे डी.एड. झाल्यावर शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढतात, तसं काहीसं म्हणा. फक्त शिक्षणसेवकाला शेवटी कायम व्हायची आशा असते.

खगोलजीवशास्त्रात तर हा टप्पा फारच महत्त्वाचा, कारण या विषयात कुणीच थेट शिरत नाही. बारावीनंतर त्याचा प्रवेश अर्ज नसतो. कुणी सूक्ष्मजीवशास्त्रातून येतं, कुणी भूगर्भशास्त्रातून, कुणी रसायनातून, कुणी दुर्बिणीतून. पीएचडी आपापल्या घरात होते आणि पोस्टडॉकमध्ये शेजाऱ्याच्या घरात जायचं असतं. जिवाणूंवर काम केलेल्या मुलीनं खडकांच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं काढायची, तेव्हा कुठे मंगळावरच्या खडकात काय शोधायचं हे तिला कळतं. म्हणून जगभर या टप्प्यावर पैसा लावतात. अमेरिकेनं १९९८ मध्ये नासाची खगोलजीवशास्त्र संस्था काढली, ती वीसेक वर्षं चालली. नासाच्या पोस्टडॉक योजनेत हा विषय आहे आणि काही अटींवर परदेशी नागरिकही अर्ज करू शकतात. जपाननं २०१२ मध्ये टोकियोत पृथ्वी आणि जीवनाच्या उगमावर एक अख्खी संस्था उभी केली आणि बाहेरच्या देशांतून पोस्टडॉक बोलावले. क्लबहाउसमधला तो तरुण 'नासात संधी' म्हणाला ते अगदीच खोटं नव्हतं. फक्त त्या संधीच्या आणि त्याच्या तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटच्या मध्ये दहा-बारा वर्षांचं शिक्षण येतं, ते त्यानं गाळलं. आणि ज्यांनी ती दहा-बारा वर्षं काढली त्यांचं पुढे काय होतं, तेही गाळलं.

माझ्या विद्यार्थिनीचं काय झालं ते सांगते. २०२२ मध्ये पीएचडी मिळाली. भारतात राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप आहे, दोन वर्षांची. वयाची मर्यादा पस्तीस, महिलांना पाच वर्षांची सूट. तिनं अर्ज केला. मिळाली नाही, तो भाग स्पर्धेचा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग तिनं शिकवायचं ठरवलं. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावरच्या जागेसाठी मुलाखत होती. नाव सांगत नाही, कारण अशी महाविद्यालयं शंभर आहेत. समितीनं प्रबंधाचं शीर्षक वाचलं आणि विचारलं, "तुमचा नेमका विषय कोणता? सूक्ष्मजीवशास्त्र की भूगर्भशास्त्र?" तिनं समजावून सांगितलं. मग एक सदस्य म्हणाले, "हे फार छान आहे, पण आमच्या अभ्यासक्रमात मंगळ नाही."

जाहिरातीत 'संबंधित विषयात' असे दोन शब्द असतात. तेवढ्या दोन शब्दांनी कितीतरी माणसं मारली आहेत. एका बाजूला नव्या शैक्षणिक धोरणाचे फलक लावायचे, बहुविद्याशाखीय हा शब्द प्रत्येक परिपत्रकात तीनदा लिहायचा, आणि जिनं खरोखर दोन विद्याशाखांमध्ये काम केलं तिला विचारायचं, बाई, तुम्ही नक्की कुठल्या? सीएसआयआर-नेटचे विषय पाच: रसायन, जीव, भौतिक, गणित आणि पृथ्वीविज्ञान. पृथ्वीविज्ञानाच्या नावात ग्रहविज्ञानाचाही उल्लेख आहे, पण तिथं परीक्षा द्यायची तर जीवशास्त्रवालीनं भूगर्भ नव्यानं शिकायचं. ती जीवशास्त्रातून नेट झालेली आहे. २०२३ मध्ये यूजीसीनं सहायक प्राध्यापकासाठी पीएचडीची सक्ती काढली आणि नेट, सेट किमान पात्रता ठेवली. म्हणजे तिच्या पाच-सहा वर्षांच्या कामाला त्या जागेसाठी वेगळी सक्तीची किंमतही उरली नाही. आणि तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुट्टीचे महिने कोरे. दुसऱ्या एका ठिकाणी तिनं एक सत्र तसं शिकवलं. येण्याजाण्याचा खर्च वजा जाता हाती काय राहिलं, हे तिनं मला सांगितलं, मी इथं लिहीत नाही.

आज ती हिंजवडीतच असते. एका कंपनीत औषधांच्या दुष्परिणामांचे अहवाल तपासते, अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे. रात्री कॅब घ्यायला येते, सकाळी सोडते. काम वाईट नाही, पगार वेळेवर होतो, घरचा हप्ता तोच भरतो. हिंजवडीला मी शिव्या देणार नाही. माझ्या बहिणीच्या दोन्ही मुली, आमच्या मोहल्ल्यातली कितीतरी मुलं या तीन फेजमुळे उभी राहिली. ज्या घरांत आधीच्या पिढीनं गॅरेज आणि बेकरीपलीकडे काही पाहिलं नव्हतं, त्यांना हिंजवडीनं जात-धर्म फारसा न विचारता ओळखपत्र गळ्यात घातलं. पण कॅब रस्त्यात अडकून पडते तेव्हा तिच्या एका बाजूला मेट्रोचे खांब असतात आणि त्या खांबांसाठी खणलेला काळा खडक असतो. तो बेसाल्ट आहे, लोणारचाच भाऊबंद. ती मला म्हणाली, "टीचर, मी ज्याच्यावर पीएचडी केली त्याच्यावरून रोज जाते." तिनं ते हसत सांगितलं. मी हसले नाही.

आता माझ्या समाजाबद्दलचं, जे या ब्लॉगच्या वाचकांना अपेक्षित असेल. तिची पीएचडी ज्या पैशावर झाली, ती मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती. २००९ मध्ये सुरू झालेली, सच्चर समितीच्या शिफारशींमागोमाग. फक्त मुसलमानांना नव्हे, बौद्ध, ख्रिस्ती, शीख, जैन आणि पारशी विद्यार्थ्यांनाही मिळायची. डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं गेलं की ती बंद करतो आहोत, कारण इतर योजनांशी तिची सरमिसळ होते, अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना त्या योजनाही खुल्याच आहेत. त्याच उत्तरात आकडा होता: २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात ६,७२२ विद्यार्थी आणि ७३८ कोटी ८५ लाख रुपये.

त्या युक्तिवादाला उत्तर द्यायला हवं, नुसतं रडून भागणार नाही. सरमिसळ म्हणजे काय? एका विद्यार्थ्याला एका वेळी दोन फेलोशिप मिळत नव्हत्या. त्यामुळे दुहेरी खर्च असा काही नव्हताच. दोन नळ असलेल्या वस्तीत एक नळ बंद करून सांगायचं की पाणी तर दुसऱ्याही नळाला येतं, तसं हे. रांग तेवढीच राहिली, नळ एक कमी झाला. आणि हे सगळं एखाद्या लांबच्या विषयात आधी जाणवतं. पैसा आटला की विद्यार्थी खात्रीच्या विषयाकडे वळतात, लोणारकडे नाही. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरच्या व्याजाची 'पढो परदेश' योजनाही २०२२-२३ पासून थांबली. राज्यात सारथी आहे, बार्टी आहे, महाज्योती आहे. २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी मार्टीची मंजुरी झाली, चांगलं झालं. माझी मागणी एवढीच की तिथं नुसते स्पर्धा परीक्षेचे वर्ग भरवू नयेत. चार-दोन पोस्टडॉक ठेवा. पीएचडी झालेल्या आमच्या मुलींना कलेक्टर व्हायचा कोर्स नकोय, त्यांना झालेल्या पीएचडीचं काम पुढे न्यायचं आहे.

पण सगळं सरकारवर टाकून मोकळं होणं मला जमत नाही. ती पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होती तेव्हा तिच्या फूफीनं मला गाठून विचारलं होतं, "टीचर, आणखी किती शिकणार ही? मुलगा मिळेल का?" पोस्टडॉक म्हणजे शिक्षण नसून नोकरी आहे, हे मी तेव्हा पहिल्यांदा कुणाला तरी समजावलं, आणि त्यांना पटलं नाही. ते चालेल, फूफीचं निदान प्रेम आहे. मला जास्त चीड येते ती त्या लोकांची, जे शुक्रवारी ग्रुपवर अल-बिरुनी आणि इब्न अल-हैसमचे फोटो टाकतात, आपण जगाला फलकियात शिकवली म्हणून छाती फुगवतात, आणि शनिवारी मुलीला विज्ञान शाखेतून काढून घेतात. हजार वर्षांपूर्वीच्या वेधशाळेचा अभिमान बाळगायला पैसे लागत नाहीत. आजच्या प्रयोगशाळेला लागतात. दुसऱ्या बाजूला पुराणात विमानं शोधणारे शेजारी आहेत, त्यांचं दुखणं तेच. दोघांनाही शोध आधीच लागलेला आहे, म्हणून शोधणाऱ्याची गरज नाही.

एप्रिल २०२५ मध्ये याचा नमुनाच पाहायला मिळाला. केंब्रिजमधले भारतीय वंशाचे निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं की १२४ प्रकाशवर्षं दूर असलेल्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडसारख्या रेणूच्या खुणा दिसतात. पृथ्वीवर हा रेणू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये बातमी अशी आली की दुसऱ्या ग्रहावर जीव सापडला. एका सहकाऱ्यानं ते धर्मग्रंथात आधीच आहे म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं हे सगळं थोतांड म्हणून सांगितलं. मी विद्यार्थिनीला फोन लावला, ती नुकतीच शिफ्टवरून आली होती. अर्धा तास बोलली. संशोधकांनी स्वतःच हा शोध पक्का नसल्याचं म्हटलं आहे. त्यांच्या निष्कर्षाची ताकद तीन सिग्मा आहे, शोध म्हणायला पाच लागतात. इतर गटांनी तीच माहिती वेगळ्या पद्धतीनं तपासली आणि त्यांना तो पुरावा भक्कम वाटला नाही. शिवाय हा रेणू एका धूमकेतूवरही सापडलाय, जिथं कुठलंच शेवाळ नाही. हे मी फळ्यावर आकडे लिहून नववीच्या वर्गाला सांगितलं. मराठीच्या तासाला. मुख्याध्यापकांनी दारातून पाहिलं आणि काही बोलले नाहीत, त्यांचे आभार.

अर्ध्या तासात तिनं जे समजावलं, ते समजावणारं माणूस आपल्या महाविद्यालयात नको? 'अभ्यासक्रमात मंगळ नाही' म्हणणाऱ्या गृहस्थांना सांगावंसं वाटतं की अभ्यासक्रमात पुरावा तरी आहे ना.

आता मागच्या रांगेतल्या त्या निवृत्त गृहस्थांचा प्रश्न, पोट कसं भरणार. तो प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, माझ्याही घरात तो रोज शिजतो. तर ऐका. अमेरिकेत यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांमध्ये थॉमस ब्रॉक नावाच्या शास्त्रज्ञाला १९६० च्या दशकात एक जिवाणू सापडला. एवढ्या गरम पाण्यात कोण जगतं, एवढाच त्यांचा प्रश्न. त्या जिवाणूच्या विकरावर पुढे पीसीआर ही पद्धत उभी राहिली. २०२० मध्ये आपल्या सगळ्यांच्या नाकात काडी घालून जी आरटी-पीसीआर तपासणी झाली, तिचं मूळ तिथं आहे. हिंजवडीच्या गेटवर निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून आत जाणाऱ्या प्रत्येकानं त्या झऱ्याचं मीठ खाल्लं आहे. कपडे धुण्याच्या पावडरीत डाग काढणारी विकरं असतात, ती साबणाच्या पाण्यात टिकावी लागतात, म्हणून ती अल्कधर्मी पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांत शोधतात. लोणारचे जिवाणू नेमके तसे आहेत. तिच्या प्रबंधाचं एक प्रकरण त्यावरच होतं. मंगळासाठी निघालेली वाट धोबीघाटावरून जाते, आणि तिथं पैसे आहेत, काका.

आणि पैसे कुणाकडे आहेत हे हिंजवडीत बसून मला कुणी विचारू नये. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ सांगतं की ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत. २०१९ पासून त्या कामांच्या यादीत सार्वजनिक निधीवर चालणारी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना दिलेले पैसेही धरले जातात. पुणे विद्यापीठ त्यात बसतं. आघारकर संस्था बसते, एनसीसीएस बसते, पाषाणची एनसीएल बसते. हिंजवडी ते पाषाण अंतर दहा-बारा किलोमीटर. दोन टक्क्यांतून शाळांना दप्तरं मिळतात, झाडं लावली जातात, भिंती रंगवल्या जातात. आमच्या शाळेलाही एकदा बाकं मिळाली, आम्ही टाळ्या वाजवल्या, अजून त्या बाकांवर मुलं बसतात. पण एका पोस्टडॉकचा वर्षाचा खर्च म्हणजे हिंजवडीतल्या मध्यम अनुभवाच्या एका इंजिनिअरचा पगार, कदाचित त्याहून कमी. तीन कंपन्यांनी मिळून लोणारच्या सूक्ष्मजीवांवर दोन जागा ठेवल्या, आणि अट घातली की त्या माणसानं आठवड्याला चार तास जवळच्या महाविद्यालयात शिकवायचं, तर संशोधनही होईल आणि शिकवणंही. 'संबंधित विषय' कुठला ते देणाऱ्यानं ठरवावं. पुण्यात हे नवं नाही. विद्यापीठाच्या आवारात आयुकामध्ये शाळकरी मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, ती पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. विनोदी लेखकाच्या नावानं चालणाऱ्या प्रतिष्ठानाला जे सुचलं ते एवढ्या मोठ्या काचेच्या इमारतींना सुचू नये?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं तेव्हा याच सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस दुसरा विषय नव्हता. बरोबर आहे, मुलांच्या भवितव्याचा प्रश्न होता. माझं म्हणणं एवढंच की त्या चार दिवसांत अनेकांना पहिल्यांदाच वाटलं, आपल्या मुलांना इथंच काही का असू नये. संशोधन करणाऱ्या मुलांना तो प्रश्न रोज पडतो. मंगळयान २०१३ मध्ये निघालं, २०१४ मध्ये पोचलं, त्यावर मिथेन शोधणारं उपकरण होतं, म्हणजे जीवसृष्टीच्या खुणेचा प्रश्न आपण देश म्हणून विचारलेला आहे. पनवेलजवळ अ‍ॅमिटी विद्यापीठात खगोलजीवशास्त्राचं केंद्र निघालं. लडाखच्या थंड वाळवंटात मंगळासारख्या जागांचा अभ्यास चालतो. यान पाठवायला माणसं होती. यानानं आणलेल्या आकड्यांवर दहा वर्षं बसणारी माणसं तयार करायची तर ती पगारावर ठेवावी लागतात, आणि त्यांनी पुढच्यांना शिकवायचं तर त्यांना वर्ग द्यावा लागतो.

त्या रविवारी मी हे सगळं बोलले नाही. तेवढा वेळ नव्हता. पोस्टडॉक ही डिग्री नाही, नोकरी आहे, एवढंच उठून सांगितलं. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र घेऊन नीट बीएस्सी करा, चोवीस हजार वाचवा आणि त्यातून मुलांना लोणार दाखवून आणा, असंही सांगितलं. व्याख्यात्याचा चेहरा पडला. दोन आयांनी नंतर येऊन लोणारला जायचा रस्ता विचारला. एकीनं विचारलं, तुमची ती विद्यार्थिनी इथं येऊन बोलेल का.

ती बोलायला तयार आहे, पण आधी आमच्या शाळेत, म्हणाली. येत्या शनिवारी अकरा वाजता, नववी आणि दहावीसाठी, अर्धं उर्दूत, अर्धं मराठीत. शुक्रवारची रात्रपाळी संपवून, दोन तास झोपून येईल. भाषणाचा मराठी मसुदा मला तपासायला पाठवलाय. त्यात तिनं विकराला 'खमीर' लिहिलंय. मी ते तसंच ठेवलंय, आमच्या मुलांना कळेल. शाळेकडे मानधनाची तरतूद नाही. रिक्षाचे पैसे मी देते आहे, ते ती घेणार नाही म्हणते, शनिवारी बघू.